नव्या निदेशकासाठी: मेस्त्रीला सोबत घेऊन धडा कसा उभा करावा

कोकणातल्या एखाद्या आयटीआयमध्ये तुम्ही शिल्पनिदेशक म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डिझेल मेकॅनिक ट्रेड शिकवतो. आपलं शिकवणं सुधारायचं असेल तर बंदरावरचे मेस्त्री, नाक्यावरचे गॅरेजवाले आणि शेजारच्या आयटीआयमधले निदेशक यांना सोबत घ्यावं लागतं, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. तुमची तेवढी वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

भागीदारी म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा सामंजस्य करार डोळ्यांसमोर येतो. करार वाईट नाही, पुढे त्याची गरज पडतेच. पण करार झाला म्हणून मंगळवारी सकाळी वर्कशॉपमध्ये आपण जे शिकवतो ते बदलत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की आधी एक धडा दोघांनी मिळून उभा करा आणि कागदाचं मागाहून बघा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वीस मुलांना घेऊन एका कारखान्यात गेलो होतो. पत्रव्यवहार केला, परवानगी मिळवली, पहाटेची एसटी पकडली. तिथे एका गृहस्थांनी तासाभरात सगळे विभाग फिरवून आणले, चहा दिला आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारलं, काय पाहिलंत? एक जण म्हणाला, "सर, मशिनी खूप मोठ्या होत्या." बाकीचे गप्प. यात त्या कारखान्याचा काही दोष नव्हता. आम्हाला काय बघायचंय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण ते मी ठरवलेलं नव्हतं.

आधी आपला कच्चा धडा शोधा

पहिला महिना कुणाकडे जाऊ नका. अभ्यासक्रम घ्या, निमीचं, म्हणजे आयटीआयची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, प्रॅक्टिकलचं पुस्तक घ्या (ही पुस्तकं मराठीतही निघाली आहेत) आणि प्रत्येक जॉबसमोर, म्हणजे प्रात्यक्षिक कामासमोर, एकच गोष्ट लिहा: हे काम मी वर्कशॉपबाहेर, गिऱ्हाईक समोर उभं असताना, स्वतःच्या हाताने केलं आहे का? ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. सीआयटीएस (निदेशकांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम) करून आलेल्या निदेशकाकडे शिकवण्याची पद्धत चांगली असते, कंपनीतून आलेल्याकडे हात चांगला असतो. दोन्ही असलेला माणूस क्वचित भेटतो, आणि ‘नाही’ लिहायला लाजण्यासारखं त्यात काहीच नाही.

मग त्या ‘नाही’मधून असा धडा निवडा, जो आपल्या किनाऱ्यावर पुस्तकापेक्षा वेगळा वागतो. असे धडे प्रत्येक ट्रेडमध्ये आहेत. इलेक्ट्रिशियनचं अर्थिंग बघा. पुस्तकात खड्डा खणायचा, कोळसा-मिठाचे थर द्यायचे आणि प्लेट पुरायची. आपल्याकडे सड्यावर जांभा लागतो. खणणं म्हणजे फोडकाम. पावसात सगळं ओलं असताना अर्थ टेस्टर समाधानकारक आकडा दाखवतो आणि एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा पडला की त्याच खड्ड्याचा रोध वाढून बसतो. आयटीआयमधलं अर्थिंगचं प्रॅक्टिकल पावसाळा सरता सरता उरकलं तर मुलाला ही गोष्ट कधी दिसतच नाही. रेफ्रिजरेशनवाल्यांना ठाऊक आहे, की खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या युनिटच्या अॅल्युमिनियमच्या फिन्स हाताला लागताच भुग्यासारख्या झडतात. वेल्डरला बोटीवरचा गंजलेला पत्रा जोडावा लागतो, तर वर्कशॉपमध्ये त्याने नेहमी नवी कोरी प्लेट पाहिलेली असते.

एकच धडा निवडा. वर्षभराचा अभ्यासक्रम बदलायला निघालात तर गणपतीच्या सुट्टीपर्यंतच दमून जाल.

मेस्त्री शोधा आणि त्याचं पंचांग समजून घ्या

धडा ठरला की माणूस शोधायचा. दहा-पंधरा किलोमीटरच्या आत हे काम रोज कोण करतं? मोठी कंपनीच हवी असं अजिबात नाही. लोटे परशुराम, मिरजोळे, कुडाळ इथल्या एमआयडीसी ज्यांना जवळ आहेत त्यांनी तिथे जरूर जावं. पण आपल्यातल्या बहुतेकांना जवळ असतो तो बर्फाचा कारखाना, काजूचं युनिट, आंब्याचं कॅनिंग, महावितरणचं शाखा कार्यालय, एखादं मोठं हॉटेल आणि बंदरावरचा गाळा. शिकवण्यासाठी हे पुष्कळ आहे. विचारपूस मुलांपासूनच सुरू करा. वर्गात हात वर करायला सांगितलंत तर कुणाचा काका वायरमन निघतो, कुणाच्या वडिलांची ट्रॉलर असते, कुणाचा मामा कोकण रेल्वेत असतो. माझा मेस्त्री मला असाच सापडला.

वेळ चुकली तर चांगला माणूसही नाही म्हणतो. मार्च ते मे आंब्याचा मोसम, तेव्हा कॅनिंगवाल्यांच्या दारात उभं राहू नका. शिमग्यात आणि गणपतीत कुणीच मोकळं नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात. डिझेल मेकॅनिकला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. पण नेमकं तेव्हाच आपलं सत्र संपत येतं आणि मुलं परीक्षेच्या घाईत असतात. हा पेच दर वर्षी येतो. मी त्यावर दोन गोष्टी करतो. बंदीच्या पहिल्या आठवड्यात मुलांना चार-पाचच्या गटाने एकेका सकाळी नेतो. आणि जूनमध्ये स्वतः जमतील तेवढ्या रजा काढून मेस्त्रीच्या हाताखाली काम करतो, मोबाईलवर चित्रण करतो, बदललेले जुने भाग मागून घेतो. ते भाग वर्षभर वर्गात फिरतात.

पहिली भेट

पहिल्यांदा एकटे जा, सोबत पत्र नको. कामात असतील तर बाजूला थांबा. ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करा’ असं म्हणालात तर मेस्त्री बिचकतो. त्याला वाटतं भाषण करायचंय. त्याऐवजी विचारा: आमच्याकडून शिकून आलेला पोरगा तुमच्याकडे लागला, तर पहिल्या महिन्यात त्याचं काय अडतं?

मी हा प्रश्न विचारला तेव्हा मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "सर, पोरांका पानो धरूक येता, पण इंजिनाचो आवाज आयकूक येना नाय." या एका वाक्याने मला दोन वर्षांचं काम दिलं. आमच्या वर्कशॉपमधलं इंजिन एक तर बंद असायचं, नाहीतर ठीकठाक चालणारं. बिघडलेल्या इंजिनाचा आवाज मुलांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

दुसऱ्या भेटीत तुमच्याकडचं काही घेऊन जा. आपल्याकडे मोजमापाची हत्यारं असतात, ड्रॉइंग वाचण्याची सवय असते, कंपनीच्या मॅन्युअलमधलं इंग्रजी समजावून सांगता येतं. मेस्त्रीचा मुलगा दहावीला असेल तर प्रवेशाची माहिती हवी असते. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली तरच ती टिकते.

मुलांना आणण्याचा विषय निघेल तेव्हा संख्या त्यालाच ठरवू द्या. मला उत्तर मिळालं होतं, "पाचांच्या वर नको. गाळ्यात जागा खय आसा?" आणि ते बरोबर होतं. पाचापेक्षा जास्त मुलं असली की मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते. मेस्त्रीचा अर्धा दिवस बुडतो, त्याची मजुरी बुडते, हे विसरू नका. मानधनाची काही सोय होते का ते प्राचार्यांशी आधी बोला आणि जे असेल ते, नसेल तर तेही, त्याला पहिल्यांदाच सांगा.

धडा दोघांनी मिळून मांडणं

खरी मेहनत इथे आहे. चांगल्या कारागिराला आपण काय करतो ते सांगता येत नाही, कारण ते त्याच्या हाताला माहीत असतं. तो म्हणतो, "असा करूचा, झाला." मधल्या सात पायऱ्या दिसतच नाहीत. त्या शोधून काढणं हे आपलं, निदेशकाचं काम.

माझा पहिला धडा होता बोटीच्या इंजिनाच्या कूलिंगचा. पुस्तकात रेडिएटर आणि पंखा असतो. बोटीवर पंखा म्हणजे प्रोपेलर! इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी पंपाने ओढून हीट एक्स्चेंजरमधून (इंजिनाची उष्णता या पाण्याला देणाऱ्या नळ्यांच्या भागातून) फिरवतात आणि बाहेर टाकतात. मेस्त्रीने इंजिन सुरू केलं, दोन मिनिटं उभा राहिला, बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली तळहात धरला, हात तसाच ठेवला, मग इंजिन बंद करून सरळ पंपाचं झाकण खोलायला घेतलं. मी विचारलं, "हात का थांबला?" म्हणाला, "पाणी गरम लागला. आणि धार तुटता हा." म्हणजे पाणी कमी ओढलं जातंय. झाकण उघडलं तर आत रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पात्यांच्या चाकाची, दोन पाती तुटलेली. बोट पाण्याबाहेर असताना कुणीतरी इंजिन सुरू केलं होतं; पाण्याशिवाय फिरला की हा इम्पेलर घासून फाटतो. पण मेस्त्री तिथे थांबला नाही. तुटलेल्या पात्यांचे तुकडे शोधायला लागला, कारण ते पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत अडकतात. नवा इम्पेलर बसवून तुकडे आत सोडले तर आठ दिवसांत बोट परत येते.

मग त्याने एक्स्चेंजरचा जस्ताचा रॉड काढून माझ्या हातावर ठेवला. बोटाएवढा असायला हवा होता, उरला होता खडूच्या तुकड्याएवढा, खडबडीत, पांढरट. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र असले की त्यातला सहज गंजणारा धातू आधी झिजतो. तांबं-पितळ-लोखंड वाचावं म्हणून जस्त मुद्दाम बळी द्यायचं. ही थिअरी मी दर वर्षी बॅटरीच्या धड्यात शिकवत होतो. बोटीशी तिचा संबंध मी कधी लावला नव्हता.

त्या संध्याकाळी बसून मी सगळं पायऱ्यांत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला वाचून दाखवलं. त्याने दोन जागी दुरुस्ती केली. एक पायरी मी धोक्याची लिहिली होती (चालू इंजिनाच्या बेल्टजवळून हात नेण्याची, तो स्वतः तसं करतो). ती मी बदलली आणि मुलांसमोर तसं करू नका, अशी त्याला विनंती केली. त्याने ऐकलं. सुरक्षेच्या बाबतीत संकोच करू नका. ती जबाबदारी आपली असते.

या पायऱ्यांचं मुलांसाठी जॉबकार्ड करा, तेही एका पानाचं ठेवा. वर बिघाडाचं लक्षण, त्याखाली पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीशेजारी ‘काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं’ हे मुलाने स्वतः भरायचं. माझ्या मते हा रकानाच त्या कार्डाचा जीव आहे. प्रत्यक्ष धड्यात वाटणी अशी करतो: आधी मेस्त्री एकही शब्द न बोलता पूर्ण काम करतो, मग तेच काम हळू करतो आणि मी मध्ये थांबवून मुलांना विचारतो, आता ते काय बघतायत? तिसऱ्यांदा मुलं करतात आणि आम्ही दोघं हात मागे बांधून उभे राहतो.

शेजारच्या आयटीआयमधला निदेशक

मेस्त्रीकडून काम कळतं. शिकवणं कसं चाललंय ते मात्र दुसरा निदेशकच सांगू शकतो. कोकणात बऱ्याच आयटीआयमध्ये एका ट्रेडला एकच निदेशक असतो, बोलायला कुणी नसतं. तालुक्यापलीकडच्या आपल्याच ट्रेडच्या निदेशकाला फोन करा. सत्रातून दोनदा त्यांनी तुमच्या वर्गात बसायचं, दोनदा तुम्ही त्यांच्या. दोघांच्या प्राचार्यांची परवानगी घ्या, पण त्या भेटीचा अहवाल कुणालाही द्यायचा नाही हे आधी ठरवून घ्या. या भेटीला तपासणीचं रूप आलं की माणूस नाटक करू लागतो.

बघणाऱ्याने निदेशकाकडे न बघता मुलांकडे बघायचं. दर पाच मिनिटांनी लिहायचं: शेवटच्या बाकावरचा काय करतोय, हत्यार कुणाच्या हातात आहे, मुलीला पाना मिळाला का. माझ्या वर्गात बसलेल्या सहकाऱ्याने मला दाखवलं, की दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये सोळापैकी सहा मुलांचा हात इंजिनाला लागलाच नाही. मला ते दिसलं नव्हतं, कारण पुढचे चार जण सतत प्रश्न विचारत होते. दुसऱ्या आठवड्यापासून मी चार-चारचे गट केले आणि हत्याराची पाळी लावली.

ट्रेड वेगळा असला तरी चालेल. ड्रॉइंग चांगलं शिकवणारा फिटरचा निदेशक माझ्या खूप कामी आला. काही विषयांसाठी आणखी लांब जावं लागतं: रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, मुंबईत चुनाभट्टीला एनएसटीआय (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था) आहे. तिथे जाताना ‘सहकार्य करावे’ असं पत्र नेऊ नका. तुमचं जॉबकार्ड न्या आणि अडलेला एक प्रश्न विचारा.

१५० तासांचं सोनं करा

२०२२ पासूनच्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तासांच्या प्रशिक्षणासोबत १५० तासांचं प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण आहे. जवळ उद्योग नसेल तिथे त्याऐवजी गटाने प्रकल्प करायचा. आपल्याकडे उद्योग नाहीत म्हणून सरसकट प्रकल्पाकडे वळू नका. गाळा हाही उद्योगच आहे.

पण मुलाला नुसतं सोडून दिलं तर १५० तास झाडू मारण्यात आणि चहा आणण्यात जातात. पाठवण्याआधी मेस्त्रीसोबत बसून सहा-सात कामं लिहून काढा, जी मुलाने स्वतःच्या हाताने करायची आहेत. मुलाने रोज रात्री वहीत तीन ओळी लिहायच्या: आज काय उघडलं, काय चुकलं, काय विचारायचंय. आठवड्यातून एकदा तुम्ही गाळ्यावर चक्कर मारायची, तीही न कळवता नको. पालकांचं संमतिपत्र, सेफ्टी शूज, विमा आणि प्राचार्यांची लेखी परवानगी आधी पूर्ण करा. मुलींच्या बाबतीत शेवटची एसटी किती वाजता सुटते ते बघूनच जागा आणि वेळ ठरवा. चांगली शिकणारी मुलगी फक्त गाडीच्या वेळेमुळे मागे राहिल्याचं मी पाहिलंय, आणि ते अगदी सहज टाळता आलं असतं.

आता कागद

एखाद-दुसरं सत्र असं गेलं की दोन्ही बाजूंचा विश्वास बसतो. मग कागदाकडे या. संस्था व्यवस्थापन समितीत उद्योगातला माणूस अध्यक्ष असतो आणि प्राचार्य सचिव. २००७-०८ पासूनच्या केंद्राच्या योजनेत ज्या आयटीआयना अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज मिळालं, तिथे ही समिती तेव्हापासून आहे. तुमच्या संस्थेत ती असेल तर बैठकीत हत्यारं मागण्याआधी जॉबकार्ड मांडा. मागणीला वजन येतं. २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षण पद्धतही आहे, तिच्यात मुलाचं काही प्रशिक्षण आयटीआयमध्ये आणि काही कंपनीत होतं. तिला करार लागतो आणि बऱ्यापैकी मोठी आस्थापना लागते, त्यामुळे ती एमआयडीसीजवळच्यांना जास्त सोयीची.

शिकाऊ उमेदवारीचं मात्र सगळ्यांनी नीट समजून घ्यावं. १९६१ च्या कायद्याखाली आता ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चारपासून २९ पर्यंत माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. कोकणातले बहुतेक गाळे आणि युनिटं या दुसऱ्या गटात येतात आणि त्यांच्या मालकांना आपण उमेदवार घेऊ शकतो हेच माहीत नसतं. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्राच्या योजनेतून मिळतो. नोंदणी ऑनलाइन आहे. मालकाशेजारी बसून तुम्हीच पहिल्यांदा ती करून द्या. पुढच्या वर्षी तो आपणहून फोन करतो. अडलं तर जिल्ह्याच्या बीटीआरआयमध्ये, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या केंद्रात जा.

फरक पडला का, ते कसं बघायचं

सोपी रीत आहे. धडा सुरू होण्याआधी इंजिनात एक ठरावीक बिघाड करून ठेवा आणि प्रत्येक मुलाला तो शोधायला किती वेळ लागतो, त्याने कुठून सुरुवात केली, हे लिहून ठेवा. धड्यानंतर महिन्याभराने तसाच दुसरा बिघाड द्या. लगेच घेऊ नका. आठवडाभरात सगळ्यांना आठवत असतं. मी बघतो ते एवढंच, की मुलगा आल्या आल्या पाना उचलतो, की आधी इंजिन सुरू करून ऐकतो.

हे कागद मेस्त्रीलाही दाखवा. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात गेल्या की त्याला जरा उसंत मिळते, आणि आपल्याकडेही त्याच सुमारास नवी बॅच येते. त्या दिवसांत मी मुलांची भरलेली जॉबकार्डं पिशवीत घालून गाळ्यावर जातो. मेस्त्री चष्मा लावून ‘हाताला काय लागलं’ हा रकाना एकेक करून वाचतो, आणि मधूनच एखादं कार्ड बाजूला काढून म्हणतो, "ह्या पोराक माझ्याकडे धाडा."